तीन आऱ्यांचं स्टिअरिंग

खेळण्यातले सगळे ट्रॅक्टर सारखेच असतात, असं म्हणणाऱ्या माणसाशी माझं फार काळ पटत नाही. त्यात माझा नवराही आला. त्याच्याशी पटवून घ्यावं लागतं, एवढंच. बारामतीत माझं स्टेशनरीचं छोटं दुकान आहे. वह्या, पेनं, झेरॉक्स, लॅमिनेशन, असलं सगळं. काउंटरच्या मागं, कुणाचा हात पोचणार नाही अशा उंचीवर एक लांब फळी आहे आणि तिच्यावर निळे ट्रॅक्टर ओळीनं उभे आहेत. गिऱ्हाईक विचारतं, केवढ्याला? मी सांगते, विकायचे नाहीत. मग ते विचारतं, एकच ट्रॅक्टर इतक्या वेळा कशाला मांडलाय? तिथं माझं डोकं फिरतं.

एकच नाहीये तो. साचा एक आहे, ट्रॅक्टर वेगवेगळे आहेत. आधीच्या मालात चाकांना लोखंडी आस होता, नंतर प्लॅस्टिकचा आला. पुढचे दिवे सुरुवातीला चंदेरी रंगवलेले असत, मग रंगवणं बंद झालं आणि नुसते उठावाचे राहिले. सायलेन्सरचं तोंड एकात सरळ कापलेलं, एकात तिरपं. साचा झिजत गेला तशा बॉनेटच्या जाळीच्या खाचा बुजत गेल्या. स्टिअरिंगला आधी तीन आरे होते, पुढं चार झाले. का झाले, ते बनवणाऱ्यालाच ठाऊक. खेळण्यांचा घाऊक व्यापारी माझ्यासाठी चार नग बाजूला काढून ठेवतो आणि मी चष्मा लावून ते उलटेपालटे करायला लागले की गालातल्या गालात हसतो. हसू दे बापडा.

लोकांना वाटतं, बाईला छंद आहे. छंद नव्हता. मी एक ट्रॅक्टर शोधत होते. आमचा.

माझं माहेर इंदापूर तालुक्यातलं कळस. वडिलांना आम्ही तात्या म्हणायचो. ते दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होते. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की दोन ट्रॉल्या ऊस, हंगाम संपला की नांगरट आणि रोटर. ट्रॅक्टर मालकाच्या वस्तीवर उभा राहायचा. दिवस मावळला की तात्या तिथल्या खुंटीला चावी अडकवायचे आणि सायकलवर घरी यायचे. त्यांच्या कपड्यांना डिझेलचा वास असायचा. आजही पेट्रोल पंपावर गाडी थांबली की मला एकदम घरी गेल्यासारखं वाटतं.

एकदा इंदापूरच्या बाजारातून त्यांनी निळा ट्रॅक्टर आणला, ट्रॉलीसकट. मागं ओढून सोडला की पळणारा. म्हणायला माझ्यासाठी, पण आधी त्यांनीच अंगणात गुडघ्यांवर बसून तो दोन-चारदा पळवला. पोरीच्या हातात तरी द्या, असं आई म्हणाली तेव्हा कुठं तो माझ्याकडं आला. नंतरही ते संध्याकाळी येऊन त्याचं स्टिअरिंग बोटानं फिरवून बघायचे. फिरणारं स्टिअरिंग होतं ते, काळं, तीन आऱ्यांचं.

दसऱ्याला मालकाच्या वस्तीवर मोठ्या ट्रॅक्टरची पूजा असे. धुणं, पुसणं, गोंडे बांधणं, झेंडूचे हार ओवून घालणं हे सगळं तात्या करायचे आणि पूजेला मालक बसायचा. ट्रॅक्टर त्याचा, पूजा त्याची, यात गैर काहीच नव्हतं. तात्यांनी कधी वाईट वाटून घेतलं नाही, निदान तसं दाखवलं नाही. नारळाच्या शेरणीचा प्रसाद खाऊन ते घरी यायचे आणि मग आमची पूजा व्हायची. खुरपी, विळा, कुऱ्हाड, आईचं शिलाई मशीन. सगळ्यात शेवटी पाटावर निळा ट्रॅक्टर. तात्या बोट ओल्या कुंकवात बुडवायचे, ते बॉनेटच्या जाळीवर टेकवायचे आणि हळूच म्हणायचे, "ह्यो आपला."

मग वरकुट्याच्या आत्याच्या मुलीचं लग्न निघालं. भावकीतल्या आणखी एका मुलीचंही त्याच दिवशी होतं, म्हणून दोघींसाठी एकच मांडव घातला. आमच्याकडं रुखवत एकटीच्या घरचं कधीच नसतं. हिच्याकडची विहीर, तिच्याकडची बैलगाडी, जावेच्या माहेरचा वाळ्याचा पंखा, असं चार घरांतून गोळा करून मांडतात आणि लग्न झालं की ज्याचं त्याला परत देतात. आत्याच्या रुखवतात शेत करायचं होतं. हिरव्या रंगात बुडवलेला भुसा, करवंटीची विहीर, क्रेपच्या कागदाचा ऊस, आणि त्या उसात उभा करायला आमचा ट्रॅक्टर. शेजारच्या नवरीच्या रुखवतातही शेतच होतं. त्यातही निळाच ट्रॅक्टर होता, तिच्या वडगाव निंबाळकरच्या मामाच्या घरून आणलेला. दोन्ही बाजूच्या बायका एकमेकींचं शेत बघून नाकं मुरडत होत्या, हे मला पक्कं आठवतं.

पाठवणीच्या वेळी जे व्हायचं ते झालं. अर्ध्या बायका रडत होत्या आणि अर्ध्या बायका डोळे पुसत आवराआवर करत होत्या. आत्यानं दोन दिवसांनी ट्रॅक्टर घरी आणून दिला. मी धावत जाऊन ट्रॉली जोडायला घेतली आणि ती बसेना. आमच्या ट्रॅक्टरला मागं भोक होतं, ट्रॉलीची पिन त्यात पडायची. याला भोकाच्या जागी बारकी गोळी होती. मी ट्रॅक्टर वळवला. स्टिअरिंगला चार आरे.

ह्यो आपला न्हाय, असं मी म्हणाले आणि सगळे हसले. आई म्हणाली, वापरून जरा झिजला असेल. काकांनी पिन घासून बसवायचा सल्ला दिला. आत्या मात्र हसली नाही. लग्नघर दमलेलं, त्यात भावाची पोरगी तोंडावर सांगते की वस्तू बदलून आणली. तिचा चेहरा पडला. दुसऱ्या नवरीच्या मामाकडं निरोप पाठवून विचारायचं म्हणजे तर त्याहून अवघड. एवढ्याशा प्लॅस्टिकसाठी भावकीच्या पाहुण्यांवर संशय घेतल्यासारखं झालं असतं. मी रडायला लागले.

तात्यांनी ट्रॅक्टर हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, स्टिअरिंग बोटानं फिरवलं. त्यांना कळलं होतं. मी त्यांच्याकडं बघत होते आणि त्यांना कळलेलं मला दिसलं. मग त्यांनी तो माझ्या मांडीवर ठेवला आणि आत्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "आसू दे. तिकडं आपल्या ट्रॅक्टरला बी कोण तरी कुंकू लावत आसंल."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तांब्याच्या तारेचा एक आकडा केला. एका बाजूनं तो ट्रॉलीच्या पिनेला गुंडाळला आणि दुसऱ्या बाजूनं वळवून त्या गोळीवर बसेल असा केला. ट्रॉली जोडली गेली. माझ्या मनात तो ट्रॅक्टर काही जोडला गेला नाही. मी त्याला 'दुसरा' म्हणायला लागले आणि ते नाव त्याला चिकटलं. त्यानंतरच्या दसऱ्याला तात्यांनी त्यालाच पाटावर ठेवलं, कुंकू लावलं आणि नेहमीसारखंच म्हणाले, ह्यो आपला. मी तोंड फिरवून बसले.

तेव्हापासून निळा ट्रॅक्टर दिसला की तो उलटा करून बघायची मला खोड लागली. जत्रेत, एसटी स्टँडवर, पाहुण्यांच्या शोकेसमध्ये. वडगाव निंबाळकरचा एक मामा, एवढाच धागा माझ्याकडं होता आणि आत्या गेल्यावर त्याबद्दल विचारायलाही कुणी राहिलं नाही. लग्न होऊन मी बारामतीला आले. तिथून वडगाव म्हणजे नीरेच्या रस्त्यानं जवळच, पण एवढ्या मोठ्या गावात कुणाच्या दारात जाऊन विचारायचं की तुमच्याकडं आमचा ट्रॅक्टर आहे का? लग्नाला गेले की मी नवरीच्या आधी रुखवत बघायची. नवरा म्हणायचा, ही जेवायला येत नाही, झडती घ्यायला येते. आता तेही राहिलं नाही. आता रुखवत भाड्यानं मिळतं, थर्माकोलचं, लाइटिंगचं. त्यात ट्रॅक्टर नसतो.

आमचा सापडला नाही, पण बाकीचे साठत गेले. हा नाही, हाही नाही, असं म्हणता म्हणता फळी भरली. फरक ओळखायची नजर आली ती अशी. आमचा कसा होता हे विसरू नये म्हणून मी तो कसा नव्हता हे बघत राहिले.

दोन वर्षांपूर्वी तात्या गेले. दिवस झाल्यावर आईनं ट्रंकेतून 'दुसरा' काढला, ट्रॉलीसकट माझ्या पिशवीत घातला आणि म्हणाली, तुझंच हाय. शेवटच्या दसऱ्यापर्यंत तात्यांनी त्याची पूजा चुकवली नव्हती. हात थरथरायला लागल्यावरसुद्धा ते कुंकू स्वतःच लावायचे, असं आईनं सांगितलं. मी तो फळीच्या टोकाला ठेवला. खरं सांगते, त्याच्याकडं बघायला मला नको वाटायचं. तात्या गेल्यावर मला आमचाच हवासा झाला. त्यांनी अंगणात गुडघ्यांवर बसून पळवलेला. तो मिळाला तर त्यांचं काहीतरी माझ्या हातात येईल, असं मला फार वाटायला लागलं.

या श्रावणात माझ्याच वयाची एक बाई दुकानात आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आली. मशीन गरम होईपर्यंत ती फळीकडं बघत उभी होती. आता विचारेल, केवढ्याला, म्हणून मी उत्तर तयार ठेवलं.

"आमच्याकडं बी आसला हाय एक," ती म्हणाली. "पन तो आमचा न्हाय."

मी मशीन बंद केलं. गाव कोणतं, विचारलं. वडगाव निंबाळकर. मग एकेक करून सगळं बाहेर आलं. वरकुट्याच्या मांडवातली दुसरी नवरी तिची आतेबहीण होती, म्हणजे मामा ते हिचे वडील. ट्रॅक्टर हिच्या भावाचा होता. लग्नाहून परत आला तेव्हा त्यांच्याही घरी ट्रॉली बसेना आणि ती हिनंच मोडली म्हणून हिला बोलणी खावी लागली. ट्रॅक्टर बदललाय, असं ही पण सांगत होती. हिचंही कुणी ऐकलं नाही. भाऊ बरीच वर्षं आखातात आहे. येतो येतो म्हणतो आणि येत नाही. फोनवर अजून थट्टेनं विचारतो, माझा ट्रॅक्टर गावला का. सांगताना ती हसत होती. आपल्यासारखंच आणखी एक माणूस इतकी वर्षं त्याच गोष्टीवर अडून बसलं होतं, आणि तेही इतकं जवळ.

त्याच रविवारी मी 'दुसऱ्या'ला पिशवीत घालून वडगावला गेले. ट्रॉली मागं ठेवली, ती तर आमचीच होती. रस्त्यानं मला एवढा आनंद झाला होता की मी रिक्षावाल्याला विनाकारण सगळी गोष्ट सांगितली.

त्यांच्या बाहेरच्या खोलीत काचेचं शोकेस होतं. बाहुल्या, शंखांचा मोर, देवस्थानांच्या फोटोफ्रेमा, आणि मधोमध आमचा ट्रॅक्टर. त्या बाईंनी, एव्हाना मी त्यांना ताई म्हणायला लागले होते, तो काढून माझ्या हातात दिला. तीन आरे. चंदेरी दिवे. मागं भोक. डाव्या मडगार्डवर, माझ्या हातून ओट्यावरून पडला होता तेव्हाचा चरा. मी त्याचं स्टिअरिंग बोटानं फिरवलं आणि ते अजून फिरत होतं.

किती स्वच्छ होता तो. ताई म्हणाल्या, आई दर दिवाळीला शोकेसमधली एकूण एक वस्तू साबणाच्या पाण्यानं धुऊन पुसते. काल आणल्यासारखा लकाकत होता. मी पिशवीतून 'दुसरा' काढून त्याच्या शेजारी ठेवला. वरकुट्याच्या मांडवानंतर ते दोघं पहिल्यांदाच शेजारी उभे होते.

खिडकीतून ऊन येत होतं आणि त्या उजेडात मी 'दुसऱ्या'कडं पहिल्यांदा नीट बघितलं. जगातल्या सगळ्या निळ्या ट्रॅक्टरांची मी तपासणी केली होती, याची केली नव्हती. त्याच्या बॉनेटच्या जाळीच्या खाचा कुंकवानं भरल्या होत्या. वरवर नाही, आतपर्यंत, थरावर थर. सगळ्यात आतलं काळपट झालेलं, वरचं अजून लाल. एका बाजूला शेवटच्या वर्षांतलं असावं, थरथरत्या बोटानं बॉनेटवर लांबलेलं. आणि आमच्या ट्रॅक्टरच्या जाळीत कणभरही काही नव्हतं.

ताईंनी नखानं जाळी खरवडून विचारलं, हे काय भरलंय? मी सांगितलं. तात्यांचं, दसऱ्याचं, ड्रायव्हरकीचं, सगळंच सांगितलं. त्यांनी नख पटकन मागं घेतलं.

"तुमच्याला आमी कधी कुंकू लावलं न्हाय ओ," त्या खाली बघत म्हणाल्या. "शोकेसमधीच ऱ्हायला."

'तिकडं बी कोण तरी कुंकू लावत आसंल' हे तात्यांचं बोलणं मी त्यांना सांगितलं नाही. काय सांगणार? मला एवढंच कळत होतं की मी चुकीचा ट्रॅक्टर न्यायला आले आहे. मला म्हणायचं होतं, ताई, राहू द्या, हा तुमच्याकडंच असू द्या आणि माझा मला परत द्या. माझा म्हणजे कोणता, हे त्यांना समजावून सांगायला शब्द जुळवत होते, तेवढ्यात त्यांनी भावाला व्हिडिओ कॉल लावलासुद्धा. त्यांनी मोबाइल 'दुसऱ्या'समोर धरला. पडद्यावर एक टक्कल पडलेला, जाड चष्म्याचा माणूस होता. तो आधी हसला, आणि मग ताईंना म्हणाला, जरा स्टिअरिंग दाखव. चार आरे बघितल्यावर त्यानं फोन दुसरीकडं वळवला. आम्हाला बराच वेळ नुसतं छत दिसत होतं.

त्यानंतर मी 'दुसरा' परत मागितला नाही. तो त्यांचा होता, आणि हे मी लहानपणापासून ओरडून सांगत आले होते. निघताना एवढंच म्हणाले, "ताई, एक करा. ह्याला धुऊ नका."

"न्हाय धुनार," त्या म्हणाल्या. "आता दसऱ्याला पाटावर ठेवू की."

घरी आल्यावर मी ट्रॉली काढली. आमची ट्रॉली, आमचा ट्रॅक्टर, आणि ती बसेना. तात्यांनी वळवलेला तारेचा आकडा त्या गोळीसाठी होता, या भोकात तो शिरत नव्हता. खालची मूळ पिन शाबूत होती. तार सोडवली की झालं. नवरा पक्कड घेऊन आला, म्हणाला, आण इकडं, एका मिनिटाचं काम आहे. मी पक्कड त्याच्या हातातून ओढून घेतली, जरा जोरातच. तो चहा ठेवायला गेला. तारेला जिथं वळण दिलंय तिथं दातानं दाबल्याच्या खुणा आहेत. तात्या पक्कड शोधत बसायचे नाहीत. ट्रॅक्टर आणि ट्रॉली आता फळीवर एकामागं एक उभे आहेत, मध्ये बोटभर जागा सोडून.

दसऱ्याला मी दुकानात पूजा मांडली. झेरॉक्स मशीन, कटर, लॅमिनेशनचं मशीन, आणि शेवटी पाटावर आमचा ट्रॅक्टर. बोट ओल्या कुंकवात बुडवून जाळीवर टेकवलं. इतक्या वर्षांच्या साबणानं गुळगुळीत झालेल्या त्या प्लॅस्टिकवर कुंकू ठरेना, ओघळून ट्रॅक्टरच्या चंदेरी दिव्यावर आलं. पुसलं, परत लावलं. ह्यो आपला, असं म्हणून बघितलं. आवाज बाहेर आला, पण तात्या म्हणायचे तसं काही ते झालं नाही. आमचा मिळाला होता आणि मला दुसऱ्याची आठवण येत होती. इतकी, की शटर अर्धं ओढून मी आत स्टुलावर बसून राहिले.

तेवढ्यात वडगावहून फोटो आला. पाटावर विळा, कोयता, दुधाची किटली आणि निळा ट्रॅक्टर. बॉनेटवर झेंडूचं फूल, जाळीवर ताजं, ओलं कुंकू. ताईंनी शब्द पाळला होता. मी फोटो दोन बोटांनी मोठा केला, आणखी मोठा केला, चष्मा लावला. साच्याची झीज मला लांबून कळते, आऱ्यांचा फरक अंधारात हात फिरवून सांगेन. पण त्या लाल डागात तात्यांचं कुंकू कुठं संपलं आणि ताईंचं कुठं सुरू झालं, ते काही केल्या मला ओळखता आलं नाही.